शस्त्रक्रियेचा व्रण आणि लेसर
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



झरी जामणीसारख्या ठिकाणी व्रणाच्या रूपाची कसली चर्चा, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्यापैकी कितीजणींच्या पोटावर सिझेरियनची वा कुटुंबनियोजनाची खूण आहे, हे बाळंतिणीला न्हाऊ घालणारीस ठाऊक असते. ती लुगड्याखाली झाकते. माझ्या भाचीची खूण गळ्यावर आहे. गलगंडाच्या शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांत दोन स्थळे आली. दोघांनीही मुलीऐवजी गळाच पाहिला. तेव्हा तिच्या आईने पाटल्या मोडून लेसर करावयाचे ठरविले. म्हणून मी हा विषय समजून घेतला.

लेसर म्हणजे एकाच रंगाचा, एकवटलेला प्रकाशझोत. अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी १९६० साली पहिला लेसर चालवून दाखविला. व्रणासाठी मुख्यतः दोन तऱ्हा आहेत. एकीचा प्रकाश रक्तातील लाल द्रव्य शोषून घेते, बारीक रक्तवाहिन्या मिटतात व लाली उतरते. दुसरी कातडीस अतिसूक्ष्म छिद्रे पाडते. मधली कातडी शाबूत राहते आणि छिद्रे भरून येताना ताठर व्रण मऊ, सपाट होऊ लागतो. एका बैठकीत भागत नाही. महिना-दीड महिन्याच्या अंतराने बहुधा तीन-चार तरी लागतात. आणि व्रण पुसला जात नाही, फिका होतो.

आपल्या सावळ्या कातडीतले रंगद्रव्यही प्रकाश शोषते. यंत्र बेताने न चालविल्यास कातडी भाजून डाग उलट काळा पडतो. हे काम त्वचारोगतज्ज्ञाचे किंवा प्लास्टिक सर्जनचे. ब्यूटी पार्लरचे मुळीच नव्हे.

नवा व्रण लाल व खाजरा असतोच. तो निवायला वर्ष-दीड वर्ष लागते. जखम पुरती भरल्यावर सिलिकॉनची पट्टी रोज १२ तास, दोन-तीन महिने लावल्यास पुष्कळांना गुण येतो. गळा उन्हापासून पदराने झाकावा. पोटाच्या व्रणावर परकराची नाडी आवळू नये. कापूस वेचताना बांधलेली ओटीही नेमकी तेथेच घासते! जखमेची हद्द ओलांडून वाढणारा केलॉइड मात्र निराळा. कान टोचल्यावरही तो होतो. त्याला बहुधा स्टेरॉइडची इंजेक्शने लागतात; नुसता कापून काढला तर पुष्कळदा पुन्हा येतो.

भाचीला डॉक्टरांनी पट्टी देऊन थांबविले. वर्षाअखेर लाली उतरली, पाटल्या आईच्या हातातच राहिल्या. उरलेल्या खुणेसाठी लेसर करावा की नाही, हे आता तिचे तिने ठरवावे. स्थळांसाठी करू नये, असे माझे मत. तिला स्वतःला हवा असेल तर मी सोबत जाईन.

यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, येथे आधी सल्ला घ्यावा. बैठकी किती, एकूण खर्च किती, प्रथम लहानशा जागेवर करून पाहाल काय, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. येत्या गुरुवारी मी यवतमाळला जाणार आहे. ज्यांना व्रण दाखवायचा असेल त्यांनी शस्त्रक्रियेचे कागद घेऊन सकाळच्या गाडीला यावे.