सिस्टर, तुम्हीच सांगा ना!

(महिला गट आणि नर्सेस यांच्या एकत्र बैठकीत केलेलं भाषण)



मी नर्स नाही, हे आधीच सांगते. एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर गेली दहा वर्षं एका तालुक्याच्या गावी काम करते आहे. सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात बायकांजवळ बसणं हा त्या कामाचा मोठा भाग. तिथे जे पाहिलं ते मांडते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एकीची सून बाळंत झाली. गरोदरपणी तिचं ब्लडप्रेशर वाढलं होतं. चौथ्या दिवशी घरी सोडलं. हातात गोळ्यांची पुडी आणि इंग्रजीत लिहिलेलं डिस्चार्ज कार्ड. राऊंडचे डॉक्टर "गोळ्या चालू ठेवा" एवढंच म्हणून पुढच्या खाटेकडे गेले. घरी सासू म्हणाली, बाळ झालं, आता कशाला गोळ्या, दुधातून लेकराच्या पोटात जातील. सुनेलाही बरं वाटत होतं. गोळ्या बंद झाल्या. आठव्या दिवशी डोकं भयंकर दुखू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. घरच्यांना वाटलं, वारं लागलं. संध्याकाळी झटके आले. जीपमध्ये घालून जिल्ह्याला नेलं, म्हणून वाचली.

मी वॉर्डातल्या सिस्टरांकडे गेले, खरं तर भांडायलाच. त्या म्हणाल्या, "ताई, काय सांगायला हवं होतं ते मला सगळं माहीत आहे. झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात, ही गोळी दूध पाजताना चालते, डोकं दुखलं तर तासभरसुद्धा थांबायचं नाही. पण त्या दिवशी वॉर्डात आम्ही दोघी, आणि बायका चाळीसच्या वर. शिवाय औषधाबद्दल बोलले की ऐकावं लागतं, 'तुम्ही डॉक्टर आहात का?'"

मला उत्तर सुचलं नाही. माहिती होती, माहिती असलेली बाई होती, ऐकणारी दहा पावलांवर होती. मध्ये होता तो अधिकार आणि वेळ.

आपण त्यांना 'सिस्टर' म्हणतो, सफाई करणारीला 'मावशी'. नातं जोडलं की पगार आणि हक्क विचारायचे राहून जातात, असं मला कधीकधी वाटतं.

आता दुसरी बाजू. आपल्यातल्या कितीतरी जणींनी लेबर रूममध्ये सिस्टरांच्या शिव्या खाल्ल्या आहेत, थपडाही. ते मी झाकणार नाही. कामाचा ताण हे त्याचं कारण असेल, पण समर्थन नाही. समोर बसलेल्या सिस्टरांनीही हे ऐकावं.

अमेरिकेत १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या नर्सने हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांबरोबर 'नर्स प्रॅक्टिशनर'चं पहिलं शिक्षण सुरू केलं. नर्सने तपासावं, निदान करावं, उपचार ठरवावेत, आणि घरच्यांना समजावणं हा उपचाराचाच भाग मानावा, अशी ती कल्पना. डॉक्टरांचा विरोध झालाच, काही नर्सेसचाही.

आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये सुईणसेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. आधीच नर्स असलेल्या बाईला १८ महिन्यांचं शिक्षण देऊन 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' करायचं, आणि गुंतागुंत नसलेली बाळंतपणं तिने स्वतःच्या जबाबदारीवर करायची. बाईला सन्मानाने वागवणं हेही त्यात लिहिलं आहे. कागद चांगला आहे. पण शिकून आलेल्या सिस्टरला परत इंजेक्शनच्या ट्रेवर उभं केलं, तर त्या १८ महिन्यांचा काय उपयोग?

गर्भपाताचंही तेच. २०१४ च्या दुरुस्तीच्या मसुद्यात प्रशिक्षित नर्सेसनाही सुरुवातीच्या आठवड्यांतला गर्भपात करता यावा, अशी तरतूद होती. २०२१ साली कायदा बदलला तेव्हा ती त्यात नव्हती. जागतिक आरोग्य संघटना सुरुवातीच्या गर्भपातासाठी नर्स-सुईणींना योग्य मानते. आपण त्या वेळी किती बोललो? आमचा गट तरी गप्प होता.

कोणी म्हणेल, म्हणजे श्रीमंतांना डॉक्टर आणि गरिबांना नर्स? ही भीती खोटी नाही. डॉक्टरांची रिकामी पदं भरा ही मागणी सोडायची नाहीच. पण झटके आलेल्या त्या मुलीला जास्त शिकलेला माणूस कमी पडला नव्हता. पाच मिनिटं बसून बोलणारी बाई कमी पडली होती.

त्या सिस्टर आणि आम्ही मिळून आता एक काम करतो. बाळंतिणीला घरी सोडायच्या आदल्या दुपारी सासूला, नवऱ्याला खाटेपाशी बोलावतो. सिस्टर मराठीत सांगतात, आणि घरच्यांकडून परत वदवून घेतात. परत वदवून घेणं महत्त्वाचं, कारण मान सगळेच हलवतात. डॉक्टरांनी सुरुवातीला कुरकुर केली, आता करत नाहीत. लेखी परवानगी मात्र अजून कुणी दिलेली नाही. सिस्टरांची बदली झाली की हे बंद पडेल.

म्हणून त्या परवानगीचा अर्ज आपल्याला लिहायचा आहे. मजकूर त्या सिस्टरच सांगणार आहेत. त्यांची ड्युटी दोनला सुटते, म्हणून पुढची बैठक तीनला ठेवली आहे.