मोबाइलमधला पाणाड्या

डिलाईल रोडवरून बोलतोय. आपल्या चाळींमध्ये बहुतेक घरांचं एक टोक गावाला बांधलेलं असतं, कुणाचं कोकणात, कुणाचं साताऱ्याकडे. आणि मे महिना आला की गावाहून ठरलेला फोन येतो: "विहीर आटली रे, बोअर मारायचंय, थोडे पैसे लागतील." जागा दाखवायला पाणाड्या यायचा, तळहातावर नारळ घेऊन. आता मोबाइलवर रंगीत नकाशाही येतो. हिरवं म्हणजे पाणी, लाल म्हणजे कोरडं. हा नकाशा बनतो कसा आणि त्याच्या भरवशावर पैसे लावायचे का, ते आज बघू.

पहिली गोष्ट. फोटो काढणाऱ्या सॅटेलाईटला जमिनीखालचं पाणी दिसत नाही. त्याला दिसतो उतार, ओढे-नाले, झाडोरा, शेतं आणि खडकातल्या लांब सरळ रेषा. त्यावरून आपण अंदाज बांधतो. महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भाग काळ्या बसाल्टचा. अखंड बसाल्टमध्ये पाणी मुरत नाही. ते सापडतं वरच्या मुरुमात आणि खालच्या भेगांमध्ये. म्हणून तर एका बोअरला भरपूर पाणी आणि शेजारच्या बोअरमधून नुसती धूळ, असं होतं.

मग हे सगळे लेयर एकत्र कसे करायचे? थॉमस साटी या गणितज्ञाने 1970 च्या दशकात एक पद्धत मांडली, ॲनालिटिक हायरार्की प्रोसेस, म्हणजे एएचपी. दोन-दोन गोष्टींची जोडी लावायची आणि 1 ते 9 मध्ये सांगायचं, कोण किती वरचढ. समजा मी म्हटलं, भेगा उताराच्या दुप्पट महत्त्वाच्या आणि उतार जमिनीच्या वापराच्या दुप्पट. मग भेगा जमिनीच्या वापराच्या चौपट झाल्या पाहिजेत. वजनं निघतात साधारण 57, 29 आणि 14 टक्के. मी उलटसुलट बोललो तर गणित पकडतं. विसंगतीचं गुणोत्तर 0.1 च्या वर गेलं की पुन्हा विचार करायचा.

पण हे गणित एवढंच तपासतं की मी माझ्याच बोलण्याला धरून आहे का. माझं बोलणं खरं आहे का, ते त्याला कळत नाही.

खानदेशाचं उदाहरण घ्या. धुळे-नंदुरबारकडे बसाल्टला चिरत गेलेल्या डाइक आहेत, खडकाच्या उभ्या, लांबच लांब भिंती. वरून दिसते ती सरळ रेषच. तडकलेली डाइक पाणी वाहून नेते, घट्ट डाइक बांधासारखी पाणी अडवते. नकाशात मात्र दोन्हींना सारखेच मार्क.

शिवाय उंचीचा जो डेटा फुकट मिळतो, त्याचा एक ठिपका साधारण 30 मीटरचा असतो. भेग असते बोटभर! म्हणजे नकाशा फार तर शिवार सांगेल, बोअरची जागा नाही. त्यासाठी भूवैज्ञानिकाने प्रत्यक्ष येऊन जमिनीचा विद्युतरोध मोजायला हवा.

खरी परीक्षा विहिरीवरच. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींतली पातळी नियमित मोजते. नकाशा बनवताना न वापरलेल्या विहिरींशी तो ताडून बघायचा. आपण टेस्टिंगशिवाय कोड प्रॉडक्शनला टाकत नाही ना? तिथे बग निघाला तर ॲप क्रॅश होतं. इथे कर्ज काढून मारलेलं बोअर कोरडं जातं.

आणि शक्यता म्हणजे साठा नव्हे. हिरव्या पट्ट्यात सगळ्यांनीच बोअर मारले तर तोही आटणार. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेणं बंद केलं, उतारावर चर खणले, आणि पावसाचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. पाणी कुठे मुरवायचं हे ठरवायलाही हाच नकाशा कामाला येतो. माझ्या मते तोच त्याचा जास्त चांगला उपयोग.

तर गावच्या ग्रुपवर असा नकाशा आला की तीन प्रश्न टाका. वजनं कुणी ठरवली? कोणत्या विहिरींवर तपासलं? उपसलेलं पाणी परत मुरवणार कुठे? उत्तरं आल्याशिवाय बोअरच्या गाडीला ॲडव्हान्स देऊ नका.

भेटू पुढच्या भागात!