गस्त घालू, हात उगारणार नाही
(पुण्याच्या बैठकीतील भाषण)



वेचलेला कापूस घरात येऊन पडला की आपली झोप उडते. विहिरीवरची मोटार, केबल, कडब्याची गंजी, गोठ्यातले बैल, सगळ्याची राखण आपल्यालाच. पोलीस ठाणे लांब आणि तिथे माणसे मोजकी. मग राखण करायची कशी?

पुण्यात बसलो आहोत, तर आधी पुण्याचेच सांगतो. १९७६-७७ साली जोशी-अभ्यंकर हत्याकांडात इथे १० माणसे मारली गेली. दिवेलागणीला दारे बंद होत. जो तो आपापल्या कडीआड एकटा. खुनी सापडले ते त्यांच्याच ओळखीतल्या तरुणांनी तोंड उघडले तेव्हा. कुलपाने नव्हे, बोलण्याने गुन्हा उघडा पडला.

दुसरे उदाहरण भिवंडीचे. १९७० आणि १९८४ साली तिथे मोठ्या दंगली झाल्या. १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. हिंदू-मुसलमान शेजारी आणि पोलीस नेमाने एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली.

आता आपल्या खेड्यांकडे पाहू. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा उठली आणि जमावाने ५ जणांना ठार केले. ते भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते, मंगळवेढ्याकडचे. तेही आपल्यासारखेच कोरडवाहू मुलखातले. राखणीच्या नावाखाली खून झाला, हे आम्ही विसरू देणार नाही.

म्हणून तीन गोष्टी ठरवू. एक, गस्तीची पाळी लावू. त्यात सगळ्या आळ्या, सगळ्या जाती, भूमिहीनसुद्धा. गस्तवाल्यांची नावे पोलीस पाटलाकडे लिहून देऊ. दोन, अनोळखी माणूस दिसला तर नाव-गाव विचारू, ११२ नंबर फिरवू, ऐकीव निरोप पुढे धाडणार नाही. तीन, चोर डोळ्यांदेखत सापडला तरी मारणार नाही. गंभीर गुन्हा समोर घडला तर नागरिकाला गुन्हेगार धरता येतो, पण विनाकारण वेळ न दवडता, ६ तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावाच लागतो. हा कायदा आहे.

चोरीला गेलेली मोटार पुन्हा घेता येईल. जमावाने घेतलेला जीव परत देता येत नाही, आणि खटल्यात अडकलेली आपली पोरेही लवकर घरी येत नाहीत. वेचणी सुरू होण्याआधी प्रत्येक गावाने बैठक घ्यावी, एवढेच आमचे मागणे आहे.