मैदान आणि अभ्यासिका

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचा गौरव आपण आज ऐकला. या आनंदाच्या प्रसंगी मी एका व्यावहारिक प्रश्नाकडे आपले लक्ष वेधू इच्छिते. आठवीपर्यंत मैदान गाजवणारी मुले नववी-दहावीत मैदानावर दिसेनाशी होतात. मुली तर त्याहूनही आधी. ‘आता दहावी आहे, खेळ पुरे’ असे पालक म्हणतात. त्यांची काळजी मला रास्त वाटते. पहाटे कंठीरवा मैदानावर सराव, मग शाळा, सायंकाळी पुन्हा सराव आणि बेंगळुरूच्या रहदारीतून घरी पोहोचता पोहोचता रात्र. अशा मुलाने अभ्यास करावा तरी केव्हा?

खेळ आणि विद्या यांचे वैर नाही, हे आपल्या शहराने दाखवून दिले आहे. 1990 मध्ये अनिल कुंबळे यांनी मँचेस्टर येथे कसोटी पदार्पण केले, तेव्हा ते येथील अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते. राहुल द्रविड याच शहरातील मराठी घरात वाढले. 1996 मध्ये लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळण्यापूर्वी त्यांनी वाणिज्य शाखेची पदवी संपादन केली होती. त्यांच्या मातोश्री स्वतः महाविद्यालयात अध्यापन करीत.

परंतु केवळ मोठी नावे सांगून पालकांची समजूत घालणे योग्य नव्हे. खेळणाऱ्या मुलांपैकी फार थोडी राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचतात. उरलेल्यांना, आणि दुखापतीने ज्यांचा खेळ अकाली थांबतो त्यांनाही, पुढे शिक्षणाचाच आधार असतो. म्हणून खेळाडूचा अभ्यास ही शाळेची जबाबदारी ठरते.

अमेरिकेतील टेक्सास राज्याने 1984 मध्ये ‘उत्तीर्ण व्हा, तरच खेळा’ असा कायदा केला. अभ्यासाला महत्त्व देण्याचा त्याचा हेतू चांगला होता. तथापि ज्या मुलाला शाळेची ओढ केवळ मैदानामुळे आहे, त्याचे मैदानच काढून घेतले तर तो वर्गात रमेल का? शिक्षेपूर्वी साहाय्य मिळाले पाहिजे. आपल्याकडे 2018 मध्ये नेमबाज अनीश भानवाला याला राष्ट्रकुल स्पर्धेसाठी दहावीचे काही पेपर नंतर देण्याची मुभा केंद्रीय मंडळाने दिली आणि त्याने सुवर्णपदक जिंकले. ही सवलत स्वागतार्हच आहे. मात्र परीक्षेची तारीख बदलली तरी बुडालेले धडे आपोआप भरून निघत नाहीत.

यासाठी हीरक महोत्सवी वर्षात खेळाडू विद्यार्थ्यांची अभ्यासिका सुरू करावी, असा माझा प्रस्ताव आहे. शाळा सुटल्यावर सायंकाळच्या सरावापूर्वी एक तास, शाळेच्याच वर्गात, अल्पोपाहारासह ती भरेल. स्पर्धेला जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी विषयशिक्षक बुडणाऱ्या पाठांची यादी आधीच करतील. परतल्यावर गणिताला प्रथम स्थान राहील. कारण त्यातील एक प्रकरण सुटले की पुढचे समजत नाही. त्यानंतर कन्नड, कारण आपल्या मराठी घरांत या भाषेचा सराव घरी सहसा होत नाही. राहिलेली घटक चाचणी पंधरा दिवसांनी घेतली जाईल. मात्र प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी तीच राहील. मुलांना वेळ द्यावा, गुणांची खैरात नको.

माजी विद्यार्थ्यांकडे मी आज देणगी मागत नाही. आपल्यापैकी कितीतरी जण अभियंते, लेखापाल, प्राध्यापक आहेत. आठवड्यातून एक तास या मुलांसाठी द्या. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी खाशाबा जाधव यांना पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. त्या गुरुवर्यांच्या मानाने आपल्याकडे मागणे फारच लहान आहे.

पालकांना एवढीच विनंती, की नववीच्या प्रारंभी मुलाचा, विशेषतः मुलीचा, खेळ बंद करण्याचा निर्णय घेण्यापूर्वी एक सत्र आम्हाला द्यावे. सत्राअखेरीस गुणपत्रिका समोर ठेवून आपण, वर्गशिक्षक, क्रीडाशिक्षक आणि स्वतः विद्यार्थी असे एकत्र बसून निर्णय घेऊ.