आकाश रिकामं आहे का?



रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांवर आणि पळणाऱ्या छोट्या गाड्यांवर मी बोलणार, असं पत्रिकेत छापलं आहे. त्यावरच बोलणार आहे. पण सुरुवात काशीपासून करतो. हा छंद मी पंचेचाळीस वर्षं करतो आहे आणि त्यात आपण नेमकं काय शिकलो, हे मला मणिकर्णिका घाटासमोर, एका नावेत बसल्यावर उमगलं.

थोरल्या भावाच्या, दादाच्या, अस्थी घेऊन मी माघात काशीला गेलो होतो. दशाश्वमेधावरून नाव घेतली. मानमंदिर मागे पडलं आणि मणिकर्णिका आला. अहिल्याबाई होळकरांनी ज्याचा जीर्णोद्धार केला तो हा घाट. मोरोपंत तांब्यांच्या काशीत जन्मलेल्या मुलीचं, म्हणजे पुढच्या झाशीच्या राणीचं, नावही हेच ठेवलं होतं. पलीकडे शिंद्यांचा घाट आणि मधे रत्नेश्वर महादेवाचं ते एका अंगाला झुकलेलं देऊळ. काठावर लाकडांच्या राशी रचलेल्या. वर चिता जळत होत्या. तिथे त्या रात्रंदिवस जळत असतात.

दुःखातही माणसाची सवय सुटत नाही. मी धुराकडे बघत राहिलो. आम्हा विमानवाल्यांना धूर दिसला की वारा दिसतो. काशीला गंगा उत्तरेकडे वाहते आणि घाट तिच्या पश्चिम काठावर आहेत. त्या दिवशी वारा शहराकडून येत होता. घाटामागच्या उंच इमारतींच्या आडोशाला धूर काही अंतर सरळ वर चढत होता, गच्च्यांच्या उंचीवर भेलकांडत होता आणि त्याच्या वर गेल्यावर एकदम नदीकडे मोडत होता. त्या भेलकांडणाऱ्या थरात हलकं विमान नेलं तर ते हातात राहत नाही. चितांवरची तापलेली हवा खांबासारखी वर जात होती आणि तिच्यात दोन घारी पंख न हलवता गोल फिरत होत्या. असा उष्ण झोत हुडकून विनाइंजिनाचं ग्लायडर तासभर वर ठेवणं, ही आमच्या छंदातली सगळ्यात अवघड आणि सुंदर गोष्ट. समोरच्या काठावर मोकळी वाळू पसरली होती, तिथे पोरं पतंग उडवत होती. दादा असता तर म्हणाला असता, मैदान चांगलं आहे.

तेवढ्यात डोक्यावर गुणगुण ऐकू आली. कॅमेऱ्याचं एक ड्रोन चितांच्या वर येऊन थांबलं. पायऱ्यांवर डोकं भादरलेला एक तरुण बसला होता, त्याने मान वर केली. आजूबाजूच्या सगळ्यांनीच केली. या घाटावर जळत्या चितांचे फोटो काढू नयेत, हा संकेत सगळ्यांना माहीत असतो. ड्रोन उडवणारा आमच्या शेजारच्याच नावेत होता. त्याचे डोळे हातातल्या पडद्यावर होते. त्याने एकदाही आकाशाकडे पाहिलं नाही, घाटाकडेही पाहिलं नाही. आमचा नाववाला एवढंच बोलला, "पूछा किसी से?"

विचारलंस का कुणाला? हा प्रश्न ऐकला आणि मला दादाचा लाकडी फळा आठवला.

दादा कॉलेजात असताना एनसीसीच्या एअर विंगमध्ये होता आणि तिथेच त्याला एअरोमॉडेलिंगची गोडी लागली. सुरुवात तारेवरच्या विमानाने झाली. दोन बारीक पोलादी तारा आपल्या मुठीत, त्यांच्या टोकाला विमान, आणि आपण मधे उभं राहून स्वतःभोवती गरगर फिरायचं. इंजिन कोलकात्यात बनणारं 'ऑरोरा'. त्याचं इंधन घरी बनायचं: ईथर, रॉकेल आणि एरंडेल. जळक्या एरंडेलाचा तो वास ज्याने एकदा घेतला, त्याला तो जन्मभर ओळखू येतो. आमची आई तो वास आला की खिडक्या उघडायची.

पुढे परदेशातून येणाऱ्या एका नातेवाइकाने रेडिओचा संच आणून दिला आणि तारा सुटल्या. आता हात इथे आणि विमान तिथे, मधे काहीच नाही. हे होतं कसं? ट्रान्समीटरवरची दांडी अंगठ्याने सरकवली की तिची जागा रेडिओलहरींवरून विमानातल्या रिसीव्हरला कळते. रिसीव्हर सेकंदाला साधारण ५० वेळा सर्व्हो नावाच्या काडेपेटीएवढ्या मोटरीला विजेचा एक ठोका देतो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असला तर शेपटीवरची पाती मध्यावर राहते. तो एक मिलिसेकंदाकडे गेला तर ती एका बाजूला वळते, दोनकडे गेला तर दुसऱ्या बाजूला. सगळा डोलारा मिलिसेकंदाच्या या फरकावर उभा आहे.

त्या काळी प्रत्येक संचात एक क्रिस्टल असायचा. त्यावरून त्याचा चॅनल ठरायचा. मैदानावर एकाचं विमान वर असताना दुसऱ्याने त्याच चॅनलचा संच सुरू केला, तर वरचं विमान त्याच क्षणी आंधळं व्हायचं. आमच्या गटात एकदा असं झालं. दादाने चार महिने रात्री जागून बाल्साच्या पट्ट्या घासल्या होत्या, पंखावर जपानी टिश्यू ताणून बसवला होता. ते विमान आमच्या डोळ्यांदेखत नांगरलेल्या रानात नाकावर गेलं. ज्याच्या हातून चूक झाली त्या मुलाला दादा एक शब्द बोलला नाही. पुढच्या रविवारी तो एक फळा घेऊन आला. त्यावर प्रत्येक चॅनलला एकेक खिळा आणि प्रत्येक खिळ्याला कपडे वाळत घालायचा एकेक चिमटा. आपल्या चॅनलचा चिमटा आपल्या अँटेनाला लावल्याशिवाय संच सुरू करायचा नाही. चिमटा जागेवर नसेल तर थांबायचं. आणि असला तरी मोठ्याने विचारायचं, "आकाश रिकामं आहे का?" मैदानावरून उत्तर आलं, की मगच बटण दाबायचं. जगभरच्या क्लबांत चिमट्यांची अशीच पद्धत होती, हे आम्हाला फार नंतर कळलं.

२००५च्या सुमाराला २.४ गिगाहर्ट्झचे संच आले. ते मोकळी जागा स्वतः शोधतात आणि एका वेळी अनेक विमानं सुखाने उडतात. ही सुधारणा मोठीच होती आणि ती आली याचा मला आनंद आहे. पण तिच्यामुळे चिमटे गेले, आणि चिमट्यांबरोबर विचारण्याची सवयही गेली. घाटावरच्या त्या ड्रोनवाल्याला आयुष्यात कधीच कुणाला विचारावं लागलं नसेल. त्याला मी दुष्ट म्हणणार नाही. त्याच्या वाट्याला फळा आला नाही, एवढंच.

आता थोडा इतिहास. १८७१ साली पॅरिसच्या तुइलरी बागेत आल्फॉन्स पेनो याने रबराच्या पिळावर चालणारं छोटं विमान ११ सेकंद उडवून दाखवलं. स्थिर उडणारं विमान कसं असावं, हे त्या खेळण्याने सांगितलं. १८७८ साली अमेरिकेत एका धर्मोपदेशकाने आपल्या मुलांसाठी पेनोच्या धर्तीचं, कागद आणि बांबूचं, रबरावर उडणारं खेळणं आणलं. मुलांची वयं ११ आणि ७, नावं विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. ते खेळणं मोडेपर्यंत त्यांनी उडवलं आणि मग स्वतः तसली बनवायला घेतली. १८९८ साली निकोला टेस्लाने न्यूयॉर्कमध्ये पाण्याच्या हौदात बिनतारी हुकमावर चालणारी छोटी नाव दाखवली. रिमोटच्या प्रत्येक खेळण्याची ती आजी. रेडिओवरचं मॉडेल विमान पहिल्यांदा खऱ्या अर्थाने जमवलं ते वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी, १९३७-३८च्या सुमाराला. त्यांचं 'गफ' आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

त्याच काळात रेजिनल्ड डेनी हा नट हॉलिवूडमध्ये छंदाचं दुकान चालवायचा. त्यातून त्याची रेडिओप्लेन कंपनी उभी राहिली आणि दुसऱ्या महायुद्धात तिने तोफखान्याच्या सरावासाठी सुमारे १५,००० बिनचालकाची विमानं बनवली. म्हणजे ड्रोनचं मूळ या छंदात आहे आणि युद्धातही आहे, आणि दोन्ही मुळं एकाच दुकानात सापडतात. आपल्याकडे २००९च्या 'थ्री इडियट्स'मध्ये जे ड्रोन दिसलं, ते आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी काढलेल्या आयडियाफोर्जचं. ही नवी मुंबईची कंपनी आता लष्करासाठी टेहळणीची विमानं बनवते. छंद असा कुठून कुठे जातो.

मला मात्र सगळ्यांत मेनार्ड हिल जवळचा वाटतो. ऑगस्ट २००३मध्ये त्याच्या चमूचं बाल्साचं विमान न्यूफाउंडलंडहून निघालं आणि ३८ तास ५२ मिनिटांनी आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलं. अंतर ३,००० किलोमीटरांहून जास्त, आणि इंधनासकट वजन पाच किलोच्या आत! हिल तेव्हा ७७ वर्षांचा होता. त्याला नीट दिसत नव्हतं, नीट ऐकू येत नव्हतं. समुद्रावर विमान आपोआप चाललं, पण पलीकडच्या किनाऱ्यावर माणसं वाट बघत उभी होती. विमान दिसताच त्यांच्यातल्या एकाने दांडी हातात घेतली आणि ते उतरवलं.

गाड्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण माझा जीव विमानात आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ची विजेवर चालणारी छोटी गाडी काढली आणि हा छंद घराघरांत गेला. नवशिक्याला मी नेहमी गाडीच आधी घ्यायला सांगतो. गाडी आपल्यापासून दूर जाताना उजवं ते उजवं असतं. ती वळून आपल्याकडे येऊ लागली की आपलं उजवं तिचं डावं होतं. गाडी भिंतीला धडकते, पोर हसतं, पुन्हा चालवतं. विमानात ही सवलत नाही. समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली जाईल, त्याच बाजूला दांडी सरकवायची, असं दादाने मला शिकवलं होतं. हे बोटांत मुरायला मला एक पावसाळा आणि तीन विमानं लागली. तिथे बसलेल्या माणसाच्या जागी जाऊन इथून विचार करायचा, हा तो अभ्यास. घाटावरच्या ड्रोनवाल्याला तोच हवा होता. त्या तरुणाच्या जागी बसून वर पाहिलं असतं, तर त्या माणसाने ड्रोन नक्की खाली घेतलं असतं.

हल्लीची मुलं बाल्सा परवडत नाही म्हणून अडून बसत नाहीत. सनबोर्ड, थर्माकोल, जाहिरातीच्या फलकाचं पन्हळी प्लास्टिक, जे मिळेल त्यातून विमान उभं करतात. त्यांना माझं एकच तांत्रिक सांगणं. मोटर कितीही भारी बसवा, पण आधी विमान पंखाखाली दोन बोटांवर तोलून बघा. पंखाच्या रुंदीत पुढच्या कडेपासून पाव ते एक तृतीयांश अंतराच्या दरम्यान ते तोललं पाहिजे. रत्नेश्वराचं देऊळ झुकून उभं राहू शकतं. शेपटीकडे जड झालेलं विमान हातातून सुटलं की सावरत नाही.

कायदाही आता स्पष्ट आहे. २५ ऑगस्ट २०२१ला ड्रोन नियम आले. शिकण्यासाठी, संशोधनासाठी किंवा हौसेसाठी डोळ्यांच्या टप्प्यात उडवलेलं, २५ किलोपर्यंतचं विमान 'मॉडेल' म्हणून त्यांनी वेगळं ओळखलं. देशाच्या नकाशावर हिरवे, पिवळे आणि लाल पट्टे आखून दिले. लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. घरून निघण्याआधी तो नकाशा बघणं हे आजच्या काळातलं चिमटा उचलणं आहे. पण जळत्या चितेजवळ बसलेला माणूस कुठल्याही नकाशावर नसतो. त्याला आपणच बघावं लागतं.

त्या दिवशी नाव मधल्या धारेत आली. मी अस्थी सोडल्या. ड्रोन तोवर निघून गेलं होतं, घारी होत्या.

आता माझी विनंती. ती इथे बसलेल्या नगरसेवकांना, संस्थाचालकांना आणि ज्यांचं गावाबाहेर माळरान आहे त्या शेतकऱ्यांना आहे. मुलांच्या हातात ड्रोन आलंच आहे, ते आता परत जाणार नाही. त्यांना जागा मिळाली नाही तर ती गच्चीवरून, लग्नाच्या मांडवावरून, देवळावरून उडवतील, आणि त्यांना शिकवणारं कुणी नसेल. दर रविवारी सकाळी ७ ते ९, वस्तीपासून आणि विजेच्या तारांपासून दूर अशी तीन-चार एकर मोकळी जागा आम्हाला द्या. पिकं निघाल्यावर दिलीत तरी चालेल. फळा आणि चिमटे माझ्याकडे आहेत. शिकवायला मी येईन, माझ्या ओळखीचे आणखी पाच-सहा जण येतील, त्यासाठी पैसे लागणार नाहीत. व्याख्यान संपल्यावर मी दाराशी वही घेऊन उभा आहे. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी त्यात नाव लिहावं.