विद्युतरोधकाची निवड
(संस्थेच्या विज्ञान मंडळापुढे दिलेले व्याख्यान)



विजेला अडवतो तो विद्युतरोधक, ही व्याख्या घरातील ५० हर्ट्झच्या विजेला पुरते. रेडिओच्या उच्च वारंवारितेला पुरत नाही. बेकलाइट किंवा पीव्हीसी यांचे रेणू ध्रुवीय असतात. बदलत्या विद्युतक्षेत्राबरोबर ते वळू पाहतात आणि ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. हौशी रेडिओचालकांच्या १४ मेगाहर्ट्झ पट्ट्यात क्षेत्राची ही उलटापालट घरच्या विजेच्या २ लाख ८० हजार पट होते. म्हणून स्विचबोर्डावर वर्षानुवर्षे टिकणारे बेकलाइट कॉइलच्या साच्याला चालत नाही.

या नुकसानीचे माप म्हणजे हानिगुणांक. १ मेगाहर्ट्झला पॉलिथीनचा तो सुमारे ०.०००३, तर बेकलाइटचा सुमारे ०.०३, म्हणजे शंभरपट आहे. टेफ्लॉन, पॉलिस्टायरीन व अभ्रक हेही चांगल्यांत मोडतात. पण नुसत्या आकड्यावर निवड करू नये. पॉलिस्टायरीन सोल्डरिंगच्या उष्णतेने वितळते. टेफ्लॉन २६० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, पण महाग पडते. सिरॅमिक उष्णता सोसते, पण ठिसूळ असते.

शिवाय आपले बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेत वसलेले. पावसाळ्यात लाकूड व पुठ्ठा दमट हवा शोषतात आणि उन्हाळ्यात जुळवलेला सेट आषाढात बिघडतो. जुने कारागीर पुठ्ठ्याचा साचा गरम मेणात बुडवून ओल घालवीत, ते याचसाठी.

पुणे जिल्ह्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. तेथे येणारे संकेत अत्यंत क्षीण. सदोष रोधक त्यातील ऊर्जा खातो आणि वर स्वतःच्या उष्णतेची खरखर मिसळतो.

खर्चाची भीती बाळगू नका. टीव्हीच्या डिशच्या केबलचा टाकाऊ तुकडा सोला. बाहेरचे आवरण बहुधा पीव्हीसीचे, कारण तेथे फक्त संरक्षण हवे. मधल्या तारेभोवतीचा पांढरा थर पॉलिथीनचा, कारण संकेत तेथून जातो. ज्याची जागा त्याला, हाच निवडीचा नियम.

शिक्षकबंधूंना एक विनंती. मुलाने कॉइलचे वेढे बरोबर घेतले आणि तरी सेट बोलला नाही, तर त्याची बुद्धी तपासण्यापूर्वी साचा तपासा. चार आण्यांच्या चुकीच्या पुठ्ठ्यापायी एखादा होतकरू मुलगा विज्ञानाला मुकू नये.