लेकीचे जीवशास्त्र आणि माझी सातवी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला उभे केले खरे, पण मी काही भाषण करणारी बाई नव्हे. माझे माहेर कोयनेकाठचे. गावात शाळा सातवीपर्यंत, पुढे शिकायचे तर पाटणला जावे लागे, आणि मुलीला कोण पाठवणार? तेव्हा माझे शिक्षण सातवीवर थांबले. असे असून मी आज बारावीच्या जीवशास्त्रावर बोलणार म्हटल्यावर मागे कुणीतरी हसले, ते मी ऐकले बरे का! मलाही हसूच येते.

आमची थोरली दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली. गुण चांगले पडले, म्हणून विज्ञान शाखा घेतली. अकरावीत सगळे एकदम इंग्रजीतून. पोर बावरली, पण बोलली नाही. बारावीच्या सराव परीक्षेत जीवशास्त्रात 70 पैकी 19 गुण मिळाले तेव्हा आम्हांला कळले. एक शिक्षक म्हणाले, हिला हे झेपायचे नाही, उगाच वर्ष घालवू नका. हे घरी येऊन नुसते बसून राहिले. खाजगी क्लासची फी विचारून आले होते, ती आम्हांला परवडणारी नव्हती. बोर्डाच्या परीक्षेला जेमतेम महिना उरला होता, आणि त्यानंतर डॉक्टरकीची ती नीट परीक्षा.

त्या रात्री ती मोठमोठ्याने घोकत होती. मी भाकऱ्या करता करता विचारले, "अगं, हे क्लोरोप्लास्ट म्हणजे काय?" ती म्हणाली, "तुला नाही कळायचं." मग थांबून म्हणाली, "हरितलवक. पानातलं हिरवं." म्हटले, मग तुला येते की! अडले होते ते नावापाशी. दुसऱ्या दिवशी एक दोनशेपानी वही आणली. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द देवनागरीत, उजवीकडे तिच्या शाळेतला मराठी शब्द. क्रोमोसोम, गुणसूत्र. ऑस्मोसिस, परासरण. मायटोकॉन्ड्रिया, तंतुकणिका. अक्षर माझे. ती सांगे, मी लिही. वही संपता संपता मलाही निम्मे शब्द पाठ झाले होते.

मग आम्ही असे ठरवले की, तिने वाचायचे नाही, मला शिकवायचे. मी कणीक मळीत बसे आणि ती समोर. मला समजले नाही तर मी सरळ सांगे, समजले नाही. ती चिडे, पण पुन्हा सांगे, आणि सांगताना तिचे तिलाच कळे की आपल्याला कुठे येत नाही. मला जास्त शिक्षण असते तर मी "हं हं" म्हणून पुढे गेले असते. माझ्या सातवीचा उपयोग झाला तो असा.

परासरण तर आपण सगळ्याच जणी रोज करतो. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की पाणी सुटते, फोड आक्रसते. बाहेर खारट, आत कमी खारट, म्हणून पेशीतले पाणी बाहेर येते. बेदाणे पाण्यात टाकले की उलटे होते, टम्म फुगतात. मूत्रपिंडाचा धडा असाच हंड्यांवर मोजला. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर गाळतात, म्हणजे आपले नऊ-दहा हंडे. त्यातले दीड लिटरच बाहेर जाते, बाकी सगळे शरीर परत घेते. हे ऐकल्यापासून मला नळाला आलेले पाणी सांडलेले बघवत नाही.

हृदयाची आकृती मात्र काही केल्या जमेना. डावे-उजवे उलटे होई. शेवटी मी खाटकाकडून बकऱ्याचे हृदय आणले आणि विळीवर चिरून परातीत ठेवले. चार कप्पे स्वच्छ दिसले. डाव्या जवनिकेची भिंत उजवीपेक्षा चांगली जाड. का? तर तिला रक्त सगळ्या अंगभर ढकलायचे असते, आणि उजवीला फक्त शेजारच्या फुप्फुसापर्यंत. पोरीने बोट घालून पाहिले, आणि ती आकृती ती पुन्हा चुकली नाही. जाऊबाई नाकाला पदर लावून उभ्या होत्या. दुपारी त्याचेच कालवण झाले, हे निराळे सांगायला नको.

आता एक गोष्ट सांगते. सांगू की नको असे झाले होते, पण सासूबाईंनीच परवानगी दिली आहे, त्या समोरच बसल्या आहेत.

आनुवंशिकतेच्या धड्यात मेंडेल नावाच्या पाद्रीबाबाचे वाटाणे आहेत. त्याने मठाच्या बागेत वर्षानुवर्षे वाटाणे लावले आणि 1866 साली ते छापले. दुसऱ्या पिढीत 5474 वाटाणे गोल निघाले आणि 1850 सुरकुतलेले, म्हणजे जवळजवळ तिनास एक. एवढे वाटाणे मोजीत बसणारा पुरुष पाहून मला त्याचे फार कौतुक वाटले. पण 1900 सालापर्यंत त्याच्याकडे कुणी लक्ष दिले नाही, आणि तो तर 1884 मध्येच वारला होता.

त्याच धड्यात पुढे मुलगा-मुलगी कशी ठरते ते आहे. थोरलीने दोन वाट्या मांडल्या. आईच्या वाटीत नुसते चणे, कारण बाईची दोन्ही गुणसूत्रे एक्स. बापाच्या वाटीत निम्मे चणे, निम्मे शेंगदाणे, म्हणजे एक्स आणि वाय. डोळे मिटून दोन्हींतून एकेक दाणा काढायचा. चणा-चणा मुलगी, चणा-शेंगदाणा मुलगा.

मला दोन मुलीच आहेत, हे आपणां सर्वांना माहीत आहे. धाकटी झाली तेव्हा घरात दोन दिवस कुणी माझ्याशी नीट बोलले नव्हते. "हिच्या पोटी मुलीच" हे वाक्य मी चौदा वर्षे ऐकले, आणि खरे सांगते, मीही ते खरे धरून चालले होते. सासूबाई त्या दिवशी माळ ओढीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बघू गं." आणि त्यांनी स्वतः दाणे काढले. पाच-सहा वेळा काढले. मग माझ्या वाटीकडे बघून विचारले, "हिच्या वाटीत एकच जिन्नस आहे होय?"

थोरली म्हणाली, "हो आजी. आणि बाबांच्याही हातात काही नसतं, डोळे मिटूनच काढायचं असतं."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. बापाच्या वाटीतले चार शेंगदाणे तोंडात टाकले आणि पुन्हा माळ हातात घेतली. पण ते वाक्य त्यानंतर आमच्या घरात ऐकू आले नाही. मी त्या रात्री पाठीमागच्या दारी जाऊन रडले, ते मात्र कुणाला सांगितले नव्हते.

प्रजननाचे दोन धडे पोर पुटपुटत वाची. मी म्हटले, मोठ्याने वाच, पेपरात लाजून गुण मिळत नाहीत. धाकटीलाही जवळ बसवले. माझ्या वेळी कुणी सांगितले असते तर पहिल्या पाळीला मी मरतेच आहे असे मला वाटले नसते.

बोर्डाच्या पेपरात प्रश्न दोन गुणांचा असेल तर उत्तर दोन गुणांपुरतेच लिहायचे, हे तिला अवघड जाई. घड्याळ लावून जुने पेपर सोडवले, तीन तासांत. नीटचा हिशेब निराळा. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकले तर एक गुण जातो. 180 प्रश्नांत 90 जीवशास्त्राचे. अंदाजपंचे ठोकू नको, एवढेच मी सांगू शकले.

नीट झाली 4 मे 2025 रोजी, आणि दुसऱ्याच दिवशी बारावीचा निकाल. जीवशास्त्रात प्रात्यक्षिकाचे धरून 100 पैकी 74. नीटमध्ये मात्र डॉक्टरकीला पुरतील इतके गुण पडले नाहीत. चार दिवस घरात वाईट गेले. आता ती बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन शिकते, आणि माझ्या दह्याच्या विरजणावर मलाच व्याख्यान देते.

यंदा शेजारच्या तीन मुली बारावीला आहेत. मंगळवारी दुपारी दोन ते चार मंडळाची खोली रिकामी असते, ती अध्यक्षीणबाईंनी त्यांच्यासाठी द्यायचे कबूल केले आहे. थोरली रविवारी येऊन शिकवील, मंगळवारी मी नुसती समोर बसून "समजले नाही" म्हणायला येईन. ज्या भगिनींना दुपारी सवड असेल त्यांनी निवडायचे तांदूळ घेऊन यावे, म्हणजे दोन्ही कामे होतील. ती दोनशेपानी वहीही मी आणली आहे, तिथे टेबलावर ठेवली आहे. उतरून घ्यायची असेल त्यांनी घ्यावी, फक्त परत करावी.